विषाणू पसरवणाऱ्या किडींपुढे टिकणारा वाण कसा पारखावा

बियाण्याच्या पाकिटावर ‘विषाणू सहनशील’ असं छापलेलं असलं, तरी विक्रेत्याला एक विचाराच: हा वाण नक्की कोणाला दाद देत नाही, किडीला की विषाणूला? टोमॅटोत टीवाय-१ जनुक असेल तर पांढरी माशी पानावर खुशाल बसते, रस शोषते, विषाणूही सोडते. पण तो झाडात फारसा वाढत नाही. खरबुजातल्या व्हॅट जनुकाचं उलट. ते कपाशीवरच्या माव्यालाच टिकू देत नाही आणि त्याने आणलेला विषाणूही अडवतं. तोच विषाणू दुसऱ्या जातीच्या माव्याने आणला, तर मात्र काही उपयोग नाही.

म्हणून आधी वाहक, म्हणजे विषाणू आणणारी कीड, ओळखा. भेंडीचा केवडा पांढरी माशी पसरवते, पपईचा रिंगस्पॉट मावा, भाताचा टुंग्रो हिरवे तुडतुडे.

मग छोटी चाचणी लावा. प्रत्येक वाण शेतात किमान 3 ठिकाणी विखरून घ्या आणि सोबत हमखास रोग पडणारा एक जुना वाण ठेवाच. तो नसेल तर पीक वाणामुळे वाचलं की यंदा कीडच कमी होती, हे कळायला मार्ग नाही. फवारणी करायची तर सगळीकडे सारखीच.

दर आठवड्याला प्रत्येक तुकड्यात 10 झाडं पाहा. सकाळी लवकर, माशी सुस्त असताना, वरचं, मधलं आणि खालचं पान हळूच उलटा. हिसका बसला की माशा उडाल्या आणि मोजणी गेली. किडींचा आकडा आणि रोगट झाडांचा आकडा वेगवेगळा लिहा.

कीड भरपूर पण रोग कमी, तर वाण विषाणूला रोखतोय. रोग दिसतो पण उत्पादन टिकतं, तर तो सहनशील. मला हा प्रकार जरा फसवा वाटतो, कारण अशी झाडं विषाणूचं कोठार होतात. त्यांच्या शेजारी नाजूक वाण लावू नका. कीड कमी आणि रोग जास्त, असंही घडतं. माव्याला पान रुचलं नाही की तो टोचून पुढच्या झाडावर जातो, आणि रिंगस्पॉटसारखा विषाणू पोचवायला त्याला काही सेकंद पुरतात.

निवडलेला वाणही सगळ्या शेतात एकटा लावू नका. तुडतुड्यांना रोखणारे भाताचे वाण सुरुवातीला टुंग्रोतून वाचले, पुढे तुडतुडेच त्यांना सरावले. आणि वाण कितीही चांगला असो, रोपं कोवळी असेपर्यंत 40 ते 50 मेशच्या (इंचाला तितकी छिद्रं असलेल्या) जाळीखालीच वाढवा.