सुटीतलं शिकारी पक्ष्यांचं शिबिर: आधी काय काय गोळा करायचं

दिवाळीच्या सुटीत तीन दिवस, आठ ते बारा वर्षांची पंधरा मुलं आणि सोसायटीचा पार्किंगमागचा हॉल. एवढ्यासाठी पंधरा दिवस आधी लागावं लागतं, आणि त्यातलं पहिलं काम स्टेशनरीच्या दुकानात नसून गच्चीवर असतं. नावं आली की पालकांच्या ग्रुपवर एकच निरोप टाकायचा: मुलांनी रोज आकाशात बघावं आणि पहिली घार गोल गोल घिरट्या घालायला किती वाजता लागली ते वहीत लिहावं. भल्या सकाळी ती नारळावर नाहीतर टॉवरवर पंख फुगवून बसलेली असते. ऊन तापलं की पंख जवळजवळ न हलवता वर चढत जाते. का, ते शिबिराच्या आधी सांगायचं नाही. मुलं आपणहून विचारायला लागली, तर निम्मी तयारी झाली असं मी समजते.

दुसरी गोष्ट स्वतःशी ठरवायची. कागदी डिशवर दोन हलणारे डोळे चिकटवून केलेलं घुबड गोड दिसतं, पण ते काहीच करून दाखवत नाही. माझ्या यादीत अशा वस्तूला जागा नाही. जे बनवायचं त्याने पक्ष्याची एखादी युक्ती उलगडली पाहिजे.

मग रद्दी काढायची. वर्तमानपत्राच्या पट्ट्या जोडून पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची मापं कापून ठेवायची: शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) ६० सेंटिमीटरच्या आतबाहेर, घार दीड मीटरच्या जवळपास, गिधाड दोन मीटरच्या पुढे. पट्टीपुढे हात पसरून उभं राहिलं की कोण शिक्रा आणि कोण घार ते मुलं आपसांत ठरवतात. गिधाड व्हायला दोघं लागतात. भिंत आधी मोजा. गेल्या वर्षी माझ्या गिधाडाचा डावा पंख दारातून बाहेर गेला होता.

किराणा दुकानातून खोकी आणायची, कडक पुठ्ठ्याची. पंजा बनवायला दुसरा पुठ्ठा चालत नाही. तीन बोटं पुढे, एक मागे, असा पाय कापायचा आणि प्रत्येक बोटावर जिथे पेर यावं तिथे हलकी घडी पाडायची. तळव्याच्या बाजूने घड्यांच्या मधे नळीचे लहान तुकडे चिकटवायचे आणि त्यांतून दोरा ओवून टोकाला गाठ मारायची. कागदी नळी चिमटली की चपटी होते, म्हणून माशांच्या टाकीला हवा देणारी पातळ नळी मीटरभर आणावी. चारही दोरे एकत्र ओढले की पंजा मिटतो. खऱ्या पायातही असेच दोरे, म्हणजे स्नायूबंध, असतात. फांदीवर बसताना पाय दुमडला की ते ताणले जातात आणि बोटं आपोआप आवळतात. पक्षी झोपेत पडत का नाही, याचं उत्तर मुलांच्या हातात येतं. घुबडाचा पंजा करणाऱ्याने बाहेरचं बोट मागे वळेल असं टाचणीने जोडावं, कारण घुबडाला दोन बोटं पुढे आणि दोन मागे अशीही पकड घेता येते.

स्वयंपाकघरातून दोन नरसाळी, एक ओढणी आणि चिमटे हवेत. नरसाळी कानांसाठी. गव्हाणी घुबडाचे दोन्ही कान एका उंचीवर नसतात, त्यामुळे खालून आलेला आणि वरून आलेला आवाज त्याला वेगवेगळा लागतो. डोळ्यांवर ओढणी बांधायची, एका कानाचं नरसाळं वर रोखलेलं, दुसऱ्याचं खाली, आणि कोणीतरी काडेपेटी खुळखुळवायची. बोट दाखवताना पोरं चुकतात, चिडतात, पुन्हा करायला मागतात. या खेळाला वेळ हात सैल सोडून ठेवा.

चिमटे घुबडाच्या गोळ्यांसाठी. हे पक्षी उंदीर सबंध गिळतात. केस आणि हाडं पचत नाहीत, त्यांची गोळी होऊन ती तोंडावाटे बाहेर पडते. खऱ्या गोळ्या शोधायला जुन्या वाड्यात शिरू नका. जंतूंचा प्रश्न आहे, शिवाय घुबडं बिथरतात. आदल्या रात्री करड्या लोकरीचे बारीक तुकडे खळीत भिजवून त्यांत पांढऱ्या कागदाच्या कवट्या, जबडे आणि बरगड्या लपवायच्या आणि पंख्याखाली वाळवायचं. एका गोळीत दोन कवट्या, दुसरीत चार, असं मुद्दाम करायचं. काळ्या कागदावर हाडं मांडून झाली की शेतकऱ्याला घुबड का हवं, ते आकड्यांतच दिसतं.

पिसांचं मात्र आधी सांगून टाका. कोणीतरी घारीचं सापडलेलं पीस घेऊन येणारच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे, आणि रानपक्ष्यांची पिसं जमवण्याची सवय मुलांना लावू नये. पीस हवंच असेल तर कोंबडीचं, साबणाने धुऊन.

सगळ्यात जास्त वेळ गिधाडांसाठी काढायचा. पाव किलो तूरडाळ, पंधरा वाट्या, चुरमुरे आणि लाल टिकल्यांचं एक पाकीट. वाट्या म्हणजे मेलेली गुरं. तीन वाट्या मांडायच्या, एकीच्या तळाला बाहेरून टिकली लावलेली, आणि प्रत्येक वाटीवर पाच गिधाडं तुटून पडतात. खाऊन झालं की वाटी उलटी करायची. टिकलीवाले पाचही खाली बसतात, उरलेले पुढच्या फेरीला. डायक्लोफेनॅक हे गुरांना दिलेलं वेदनाशामक मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. गिधाडं मरण्याचं हे कारण सापडलं ते २००४ साली, आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आणली. थव्याने जेवणाऱ्या पक्ष्याला असं एक जनावर किती महागात पडतं, ते तिसऱ्या फेरीपर्यंत कळतं. मग डाळ. दहा मुलांनी शंभर शंभर दाणे मोजून मोठ्या ताटात टाकायचे. ताट भरल्यासारखं दिसलं की ९९९ काढून घ्यायचे. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांचं भारतात जवळपास असंच झालं. स्टीलच्या ताटात तो एक दाणा इकडून तिकडे घरंगळतो आणि हॉल गप्प होतो. जोडी वर्षाला एकच अंडं घालते, हे त्या शांततेत सांगायचं. (नावातला पुठ्ठा म्हणजे शेपटीवरचा भाग, हे आधीच बोला. माझ्याकडे एकाने खोक्याचा पांढरा पुठ्ठा शोधण्यात पाऊण तास घालवला.)

एखाद्या आजी म्हणतील, ऐन सणाला घुबडं कशाला करायला लावता? वाद घालू नये. लक्ष्मीचं वाहन कोणतं, एवढंच विचारावं आणि त्यांना चहाला बसवावं. मुलांना मात्र सांगावं की जादूटोण्याच्या नादापायी घुबडं याच दिवसांत सर्वांत जास्त पकडली जातात. त्यालाच जोडून रानपिंगळ्याची, म्हणजे एका लहान घुबडाची गोष्ट: १८८४ नंतर हा पक्षी कोणालाच दिसला नव्हता, संपला असंच धरलं होतं, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये तो आपल्या शहाद्याजवळ सातपुड्यात बसलेला सापडला. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा आणि एक टाचणी हवी.

किरकोळ राहिलं ते असं: दोन दुर्बिणी, आणि त्यांतून सूर्याकडे बघायचं नाही ही ताकीद. हवा जायला भोकं पाडलेलं एक रिकामं खोकं, कारण शिबिराची बातमी पसरली की मांज्यात अडकलेला पक्षी लोक तुमच्याच दारात आणतात. त्याला पाणी पाजू नका, खोकं अंधारात ठेवा आणि वनखात्याला १९२६ वर फोन लावा.

घारीच्या वह्यांचं उत्तर पहिल्या सकाळी द्यायचं, त्यासाठी पतंगाचा कागद, दोरा आणि पणती. कागद चकलीसारखा वेटोळा कापून दोऱ्याने टांगायचा, खाली दोन वीत अंतरावर पणती, दोरा मोठ्या माणसाच्याच हातात. तापलेली हवा वर चढते आणि चकली फिरायला लागते; ऊन तापल्यावर घारीलाही अशीच हवा वर उचलते. त्याआधी हॉलचे पंखे बंद करायला विसरू नका, नाहीतर पणती लावण्याआधीच ती गरगरते आणि पहिल्या रांगेतला कोणीतरी म्हणतो, “काकू, हिला तर आगीची गरजच नाही.”