भूकंपाच्या भागात घर बांधताय, दुरुस्त करताय? या चुका टाळा

"कोयनेत रोजच हादरे बसतात, त्यानं ताण निघून जातो. मोठा येत नाही." पाटणपासून चिपळूणपर्यंत हे इतक्या ओट्यांवर ऐकलंय की आता मी वाद घालत नाही, हिशोब सांगतो. रिश्टरचा आकडा एकाने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे ६चा एक भूकंप टळायचा तर ४चे हजारेक यावे लागतील. मोजत बसा. किल्लारीतही आदल्या वर्षी छोटे हादरे बसले होते, तरी ३० सप्टेंबर १९९३ची पहाट यायची ती आलीच.

माझं खरं भांडण भिंतीशी आहे. किल्लारीच्या भूकंपात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि बहुतेक दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाखाली, म्हणजे मातीच्या सपाट छताखाली. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, हा समज त्यानंतर उरायला नको होता. उरलाय. अशी भिंत म्हणजे दोन पातळ भिंती आणि मध्ये कोंबलेला चिखल, चिपा. जमीन हलली की दोन्ही अंगं सुटी होतात आणि वरची टनावारी माती झोपलेल्या माणसांवर येते.

औसा तालुक्यातल्या एका घरून बोलावणं आलं. मुलगा पुण्यात नोकरीला, दिवाळीआधी जुनं घर चकाचक करायचं होतं. मागच्या भिंतीला पोट सुटलेलं. गवंड्याचा तोडगा तयार होता: वरून सिमेंटचा जाड गिलावा, मग रंग. मी खिडकीशेजारचा एक दगड काढायला लावला. हात कोपरापर्यंत आत गेला. म्हातारे मालक गप्प झाले. मुलाचा प्रश्न एकच, "साहेब, पण दिवाळीपर्यंत होईल ना?"

नाही झालं. आधी माळवदावरची माती उतरवली. गळती थांबवायला थरावर थर चढवतात, जुना कुणी काढत नाही. मग टेकू देऊन पोट सुटलेला भाग उतरवला आणि आरपार जाणारे लांब दगड घालून पुन्हा रचला. उरलेल्या भिंतीत साधारण मीटरभर अंतरावर आरपार भोकं पाडली, टोकं वळवलेली ८ मिलिमीटरची सळई घातली आणि काँक्रीट भरलं. दारं-खिडक्यांच्या वरून, सगळ्या भिंती एकत्र बांधून ठेवणारा सलग पट्टा घरभर फिरवला. असं काम चालू असताना मी तिथून हलत नाही. एकदा गिलावा चढला की आत काय आहे ते गवंड्यालाच ठाऊक.

"आमचं आरसीसी आहे" म्हणणाऱ्यांनी कॉलमच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या सळया, बघाव्यात. टोकं काटकोनात दुमडलेली असतात, कारण फिटरला तेच सोपं. ती १३५ अंशांत, काँक्रीटच्या गाभ्यात वळायला हवीत. जोराच्या हादऱ्यात सळयांवरचं काँक्रीटचं कव्हर गळतं, काटकोनातली रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. बीम-कॉलमच्या सांध्यात रिंगा दिसल्या नाहीत तर मी मिक्सर परत पाठवतो. शिव्या बसतात, बसू देत.

पार्किंगसाठी तळमजल्यावर नुसते खांब, वर विटांच्या भिंतींचे मजले: २००१च्या भुज भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्ये अशाच इमारती कोसळल्या.

लोखंडी कपाट पलंगाशेजारी मोकळं उभं ठेवू नका. दोन एल-पट्ट्या, चार स्क्रू.

"उद्या पहाटे मोठा भूकंप" असा मेसेज आला की पुसून टाका. तारीख-वेळ सांगता येईल असं शास्त्र कुणाकडेही नाही.

आणि हादरा चालू असताना जिन्यातून धावू नका, मजबूत टेबलाखाली बसा आणि डोकं झाका. फक्त घर दगडमातीचं असेल आणि दार दोन पावलांवर असेल, तर मात्र सरळ अंगणात पळा, भिंतीपासून लांब.