तांबड्या पेन्सिलीचे चार गोल

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात हे वाक्य होतं: 'इसवी सन ३२५ मध्ये रोमन कॅथलिक चर्चने नायसिया येथे पोपच्या अध्यक्षतेखाली परिषद भरवली आणि बायबलमधील पुस्तके निश्चित केली.' वाक्य एक, चुका चार. गाईडनी प्रकरण न वाचता सही करून परत दिलं होतं. चुका पकडल्या धुळ्याच्या एका निवृत्त ख्रिस्ती पाळकांनी. मी त्यांच्याकडे पश्चिम खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांची माहिती विचारायला गेलो होतो. जाताना 'बघा, माझं लिखाण' म्हणून ऐटीत प्रकरणाची झेरॉक्स नेली होती. मे महिना, ओट्यावर बाज, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी खिशातून तांबडी पेन्सिल काढली, त्या एका वाक्यावर चार गोल काढले, चहा संपवला आणि म्हणाले, "भो, पोप तठे गयाच नही."

ख्रिस्ती धर्माचा आणि चर्चचा इतिहास एम.ए.ला किंवा पीएच.डी.ला घ्यायचा विचार असेल, तर हे तुमच्यासाठी लिहितोय. येशूचा काळ, रोमन साम्राज्य, ल्यूथर, मिशनरी हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. मी पारोळ्याकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, ख्रिस्ती नाही. विषय घेतला तेव्हा गावात पारावर पहिला प्रश्न आला, "बाटना का रे तू?" हा प्रश्न तुम्हालाही येईल. उत्तर देत बसू नका, सहा महिन्यांत लोक कंटाळतात.

आता ते चार गोल. परिषद बोलावली सम्राट कॉन्स्टंटाइनने. रोमचे बिशप सिल्व्हेस्टर गेले नाहीत, त्यांनी दोन प्रतिनिधी पाठवले. चर्चा होती ती अलेक्झांड्रियाच्या एरियस या पाद्रीच्या शिकवणीवर, म्हणजे पुत्र पित्यासारखाच अनादी की निर्माण केलेला, आणि ईस्टर कधी पाळायचा यावर. बायबलमध्ये कोणती पुस्तकं घ्यायची हा विषय तिथे निकाली निघालाच नाही. नव्या कराराची आजची २७ पुस्तकं नेमकी मोजून देणारी यादी दिसते ती ३६७ साली, अलेक्झांड्रियाचे बिशप अथानेशियस यांच्या पत्रात.

हे तीन गोल पाठ करून सुटतात. चौथा 'रोमन कॅथलिक' या दोन शब्दांवर होता आणि तो समजायला मला वर्ष लागलं. म्हणून त्यावरच जरा जास्त बोलतो, कंटाळा आला तरी वाचा.

'कॅथलिक' म्हणजे सार्वत्रिक. अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीलाच हा शब्द वापरतो, तेव्हा त्याच्या डोक्यात व्हॅटिकन नसतं. 'कॅथलिक' हे 'प्रोटेस्टंट'च्या विरुद्धचं नाव व्हायला हजारावर वर्षं जायची होती. 'प्रोटेस्टंट' शब्दच १५२९ च्या स्पायर इथल्या निषेधातून आला. म्हणजे १५१७ मध्ये विटेनबर्गला पंचाण्णव मुद्दे मांडणारा ल्यूथर प्रोटेस्टंट नव्हता, तो ऑगस्टिनियन संन्यासी होता. 'पोप' घ्या. हा शब्द आधी 'बाप' या अर्थी मायेने बिशपांना लावायचे, अलेक्झांड्रियाच्या बिशपलाही. 'नेस्टोरियन' घ्या. ४३१ मध्ये इफिससच्या परिषदेत कॉन्स्टँटिनोपलच्या नेस्टोरियस या बिशपला दोषी ठरवलं, आणि पूर्वेच्या ज्या मंडळीला विरोधक पुढे त्याच्या नावाने ओळखू लागले, तिने हे नाव स्वतःहून घेतलेलं नव्हतं. केरळचे 'सिरियन ख्रिस्ती' सिरियातून आलेले लोक नव्हेत, सिरियॅक ही परंपरेने त्यांच्या उपासनेची भाषा. नावं पुढच्या काळाची आणि माणसं मागच्या काळाची, अशी गल्लत झाली की तारखा बरोबर असूनही इतिहास चुकतो.

१०५४ चं तर विचारूच नका. आपल्या नोट्समध्ये सरळ लिहिलेलं असतं, 'चर्चचे दोन तुकडे झाले', पश्चिमेचं कॅथलिक आणि पूर्वेचं ऑर्थोडॉक्स. त्या १६ जुलैला पोपचा दूत कार्डिनल हम्बर्ट याने कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया या मुख्य चर्चच्या वेदीवर बहिष्काराचं पत्र ठेवलं. ते होतं तिथले पॅट्रिआर्क, म्हणजे मुख्य बिशप, मायकेल आणि त्यांच्या बाजूच्यांविरुद्ध, सगळ्या पूर्वेविरुद्ध नव्हे. ज्या पोपच्या नावाने ते ठेवलं, ते नववे लिओ एप्रिलमध्येच वारले होते. त्या संध्याकाळी कॉन्स्टँटिनोपलच्या बाजारात कोणी 'आज आपण ऑर्थोडॉक्स झालो' म्हणालं नसणार. लोकांच्या काळजाला भिडलं ते १२०४, चौथ्या धर्मयुद्धात पश्चिमेच्याच ख्रिस्ती सैनिकांनी शहर लुटलं तेव्हा. आणि ते १०५४ चे बहिष्कार दोन्ही बाजूंनी मागे घेतले १९६५ साली! माझा मुद्दा एवढाच की फूट एका तारखेला पडत नाही. परीक्षेत तारीख लिहा, गुण मिळतात, पण प्रबंधात ती तशीच नेऊ नका.

मला हे खरं कळलं ते ग्रीक पुस्तकातून नाही, आपल्याच जिल्ह्यामुळे. मी जुन्या कागदपत्रांच्या सूच्यांमध्ये 'नंदुरबार जिल्हा' शोधत तीन दिवस घालवले आणि काहीच नाही म्हणून वैतागलो. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी ते धुळे, त्याआधी पश्चिम खानदेश, आणि १९०६ च्या आधी पूर्व-पश्चिम काहीच नाही, नुसता खानदेश. १९०० सालचा माणूस 'खानदेश' लिहितो तेव्हा त्यात जळगावही येतं. स्वतःच्या गावाच्या बाबतीत ही चूक करणारा मी नायसियात काय दिवे लावणार होतो? 'कॅथलिक'चंही हेच झालं होतं, हे मला एसटी स्टँडवर बसून उमगलं.

म्हणून माझा हट्ट: वहीत दोन रकाने आखा. डावीकडे त्या काळचे लोक स्वतःला काय म्हणत, उजवीकडे आपण त्यांना काय म्हणतो. बाकी टाइमलाइनचे रंगीत तक्ते वगैरे भिंतीवर छान दिसतात, बास.

शॉर्टकटबद्दल विचाराल तर माझं मत कडू आहे. 'तीन तासांत संपूर्ण चर्च इतिहास' छाप व्हिडिओंमधूनच ते बायबल-नायसिया प्रकरण माझ्या डोक्यात शिरलं होतं. त्यांतच 'कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्म राजधर्म केला' हेही असतं. ३१३ मध्ये मिळाली ती मोकळीक, राजधर्म झाला ३८० मध्ये थिओडोसियसच्या काळी, आणि कॉन्स्टंटाइनने स्वतः बाप्तिस्मा घेतला तो ३३७ मध्ये, मरणाच्या दारात. नेट-सेटच्या गाईड-पुस्तकातून पाठ केलेलं प्रश्नपत्रिकेत चालून जातं. तोंडी परीक्षेत समोरचा माणूस हसतो आणि ते हसू फार दिवस पुरतं, अनुभवाने सांगतो.

गाईडबद्दल थोडं. मोठ्या नावाचा गाईड नको, वाचणारा गाईड बघा. तसा नाही मिळाला तर विषयाशी वाद घालणारी दोन माणसं गाठा, एक श्रद्धावान आणि एक न मानणारा. पाळकबाबा पहिले, लायब्ररीतले एक काका दुसरे. दोघांचं एकमेकांशी पटत नाही आणि माझं काम त्यांच्या भांडणावरच चालतं.

घाबरू नका मात्र. ग्रीक-लॅटिन येत नाही म्हणून रडलो होतो मी, तशी गरज नाही. आपल्याकडे मराठीतच केवढं आहे! थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट पाद्री १५७९ ला गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचं ख्रिस्तपुराण छापून आलं, मराठी ओव्यांत, अक्षरं मात्र रोमन. १८१३ मध्ये मुंबईत अमेरिकन मराठी मिशन, १८४२ मध्ये अहमदनगरला 'ज्ञानोदय' हे नियतकालिक, मग पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली नसतील तर हे वाचणं इथे थांबवून आधी ती घ्या. नवऱ्याने धर्म बदलल्यावर घरात काय घडतं, हे कुठल्याही परिषदेच्या इतिवृत्तात नाही. आपल्या पश्चिम खानदेशात मात्र काम वेगळ्या मिशनऱ्यांचं, त्यांतले बरेच स्वीडिश. त्यांची घरची पत्रं स्वीडिशमध्ये, तेव्हा तिथे मदत लागेल, हे आधीच सांगून ठेवतो.

नवापूर-चिंचपाडा भागात जाणार असाल तर सकाळची गाडी धरा आणि रविवारी उपासनेच्या वेळेत प्रश्न विचारू नका. मी विचारले होते. आणि 'तुमचं चर्च कधी स्थापन झालं' असं तर नकोच. धुळ्याच्या पाळकबाबांना मी हेच विचारलं होतं, तर ते म्हणाले, "चर्च म्हंजे ती इमारत. आमनी ती मंडळी." इमारतीचं साल दगडावर कोरलेलं असतं. मंडळीचं विचाराल तर कोणी आजोबांच्या बाप्तिस्म्यापासून सांगतो, कोणी दुष्काळापासून, कोणी पहिल्या दवाखान्यापासून. तिन्ही लिहून घ्या.

प्रकरण मी चौथ्यांदा लिहिलं. मागच्या आठवड्यात बाबांकडे नेलं तेव्हा चष्म्याची दुसरी काडीही दोऱ्याने बांधलेली होती. पेन्सिल तीच, आणखी बुटकी झालेली. चौदाव्या पानावर त्यांनी परत एक गोल काढला. १५३४ चा उतारा होता, रोमपासून फुटलेल्या इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचा, आणि मी त्याला प्रोटेस्टंट करून टाकला होता.