व्हॅनमधल्या गॅसचा रेग्युलेटर बिघडलाय असं वाटतंय? आधी हे बघून घ्या

इंदूरहून मांडू, महेश्वर, पचमढीला स्वतःची कॅम्पर व्हॅन घेऊन जायची हौस आता बऱ्याच जणांना लागलीये, पीथमपूरला बनणारी फोर्स ट्रॅव्हलर घ्यायची, आत पलंग, ओटा, दोन बर्नरची शेगडी आणि ५ किलोची टाकी बसवून घ्यायची की घर तयार. मग एखाद्या सकाळी चहाला आधण ठेवलं आणि ज्योत मिणमिणायला लागली की गाडीतले सगळे एका सुरात म्हणतात, रेग्युलेटर गेला. बरेचदा तो गेलेला नसतोच. आणि खरंच गेलेला असतो तेव्हा लोक त्याला ठोकून, टेप गुंडाळून चालवतात, याचीच मला जास्त काळजी वाटते.

वास येत असेल तर तपासणी वगैरे सगळं नंतर. नॉब बंद करा, दारं सताड उघडा, सगळ्यांना खाली उतरवा आणि व्हॅनमधलं एकही बटण चालू किंवा बंद करू नका, एग्झॉस्ट फॅनचं पण नाही, गाडी स्टार्ट तर अजिबात नाही. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोनपट जड असतो त्यामुळे तो खाली तळाशी साचतो, वरची खिडकी उघडून फारसा निघत नाही. म्हणून टाकीच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक पाहिजेच, आणि धूळ येते म्हणून त्यावर कोणी पायपुसणं टाकलं असेल तर ते उचला. नॉब बंद करूनही वास थांबत नसेल तर रेग्युलेटर काढून टाकीच्या तोंडावर सेफ्टी कॅप घट्ट बसवा, टाकी बाहेर मोकळ्यावर उभी ठेवा आणि १९०६ ला फोन करा, गॅस गळतीसाठी तो नंबर चोवीस तास चालू असतो.

वास नाही, फक्त ज्योत बारीक आहे? मग पहिल्यांदा टाकीचं वजन करा. टाकीच्या कड्याजवळ रिकामं वजन लिहिलेलं असतं, सामान तोलायचा हुकवाला काटा लावा, त्यातून ते वजा करा, उरलं तेवढा गॅस. हलवून अंदाज घेणं सोडा.

वजन ठीक असेल तर थंडीचा विचार करा. आपल्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही असतात, प्रोपेन उणे ४२ अंशालाही उकळतो पण ब्युटेन शून्याच्या जरासं खालीच थांबतो, म्हणजे पचमढीला डिसेंबरच्या पहाटे अर्ध्याहून कमी भरलेली छोटी टाकी दोन बर्नरला पुरेसा गॅस बनवूच शकत नाही. टाकीला हात लावून बघा, गार लागेल, आणि बाहेरून एका ठराविक उंचीपर्यंत दव धरलेलं दिसेल, त्या रेषेच्या खाली पातळ, म्हणजे द्रवरूप गॅस आहे. अशा वेळी एकच बर्नर चालवा. टाकीवर उकळतं पाणी ओतायचं नाही, खाली काही पेटवायचं तर नाहीच नाही.

ज्योत पिवळी आणि भांडी काळी होत असतील तर दोष बहुतेक बर्नरचा असतो, जेटमध्ये, म्हणजे गॅस जिथून बाहेर येतो त्या बारीक भोकात कचरा किंवा हवेच्या भोकात कोळ्याचं जाळं, कच्च्या रस्त्यावर फिरलेल्या गाडीत हे होणारच. नळीपण बघा, ओट्यामागे दुमडली असेल किंवा वाकवल्यावर भेगा दिसत असतील तर बदला. नारिंगी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली की बास.

आता रेग्युलेटर. तो बसताना टक असा आवाज यायला हवा. टाकीच्या तोंडात आत रबराची रिंग असते, लोक तिला वायसर म्हणतात, ती फाटली किंवा गायब असली की गळती तिथून होते आणि शिव्या रेग्युलेटरला पडतात. कप्पा उघडा ठेवून, आसपास काही पेटतं नसताना साबणाचं दाट पाणी ब्रशने लावा, आधी टाकीच्या तोंडाशी, मग नळीच्या सांध्याला, आणि शेवटी रेग्युलेटरच्या अंगावर जे बारीक भोक असतं त्याच्याभोवती. आत रबराचा पडदा आणि स्प्रिंग असते, पडद्याला वर-खाली व्हायला हवा लागते म्हणून ते भोक. तिथे बुडबुडे फुगले म्हणजे पडदा फाटला, विषय संपला. उलट भोक चिखलाने किंवा माशीच्या मातीच्या घरट्याने बुजलं असेल तर दाब कमीजास्त होतो. वरवरची माती पुसा, पण सुई घालू नका, पडदा लगेच आत आहे.

ज्योत भडकून बर्नरवरून उचलली जाते, फुरफुरते, हे सगळ्यात वाईट लक्षण. घाटात टाकी आडवी पडली तर पातळ गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो, तसं झालं असेल तर लगेच पेटवू नका. टाकी उभी असतानाही भडकत असेल तर रेग्युलेटरच्या आतली सीट, म्हणजे झडप जिच्यावर टेकून गॅस अडवते ती जागा, खराब आहे. मेकॅनिकला यू आकाराच्या पारदर्शक नळीत पाणी भरून दाब मोजायला सांगा. घरगुती शेगडीला ३० ग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर दाब लागतो म्हणजे दोन बाजूंच्या पाण्यात साधारण ३० सेंटीमीटर फरक. बर्नर लावला की पाणी थोडं खाली येऊन स्थिर व्हायला हवं, बंद केला की जरा वर चढून थांबायला हवं. बंद असताना ते हळूहळू चढतच राहिलं तर तो रेग्युलेटर व्हॅनमध्ये परत लावायचा नाही.

उघडून दुरुस्त करतो म्हणणारे भेटतील, देऊ नका. नवा घेताना आयएसआय मार्कवाला, कमी दाबाचा आणि तुमच्याच टाकीच्या तोंडाला बसणारा, शक्यतो टाकी जिथून घेतली तिथूनच. घरचा रेग्युलेटर बळजबरीने दाबून बसवू नका आणि हलवायाच्या भट्टीचा जास्त दाबाचा तर बघूपण नका. बसवला की परत साबणाचं पाणी लावा, टाकी उभी करून दोन पट्ट्यांनी आवळा आणि गाडी हलायच्या आधी नॉब बंद.