काचेवर एका वेळी एकच पान

दिसत नसताना छापील पुस्तक स्कॅन करून स्वतः ऐकायचं असेल, तर स्कॅनर घ्यायच्या आधी एक काम करा. हवं असलेलं पुस्तक कुणी आधीच स्कॅन करून ठेवलंय का, ते बघा. सुगम्य पुस्तकालय हे दृष्टिहीनांसाठीचं ऑनलाईन वाचनालय २०१६ पासून चालू आहे. डेझी फोरम म्हणजे सुलभ पुस्तकं करणाऱ्या संस्थांचा गट, त्याच्या सदस्य संस्थेमार्फत सभासद होता येतं, अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. पाठ्यपुस्तकं, कथा-कादंबऱ्या तिथं सापडतात. पण तलाठी भरतीचं नुकतंच बाजारात आलेलं गाईड किंवा जिल्ह्याच्या इतिहासावर कुणी गावातल्या गावात छापून घेतलेलं पुस्तक तिथं नसणार. तशा पुस्तकांसाठी हे लिहिते आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या एका खेड्यात राहते, जन्मापासून दिसत नाही. तुम्हाला एनव्हीडीए आणि टॉकबॅक, म्हणजे कॉम्प्युटरवरचं आणि फोनवरचं बोलून दाखवणारे स्क्रीन रीडर, वापरता येतात, फाईल सेव्ह करता येते, एवढं धरून चालते. ते येत नसेल तर आधी ते शिका. स्कॅनिंग महिनाभर थांबलं तरी चालेल.

आमच्या भागात अंध मूल अभ्यासाला बसलं की कुणीतरी गुलाबराव महाराजांचं नाव काढतंच. अमरावती जिल्ह्यातले महाराज, १८८१ ते १९१५ एवढंच आयुष्य, तान्हेपणी दृष्टी गेलेली आणि नावावर शंभराहून जास्त ग्रंथ. "त्याहीपाशी होती का वं मशीन?" असं आमची आजी अजून विचारते. नव्हती, पण वाचून दाखवणारी माणसं होती. माझ्यापाशी धाकटा भाऊ होता. तो दोन पानं वाचायचा आणि तिसऱ्या पानाला त्याला शेतात जायचं आठवायचं. त्याला दोष देत नाही, पंचायत राजवरचं गाईड मोठ्यानं वाचणं ही शिक्षाच आहे. म्हणून स्कॅनर.

आता यंत्र. लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालणारा पातळ फ्लॅटबेड, म्हणजे काचेवर पान ठेवायचा, स्कॅनर घ्या. त्याला वेगळा प्लग लागत नाही, त्यामुळे लोडशेडिंगमध्ये लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर काम चालतं. खेड्यात हा गुण बाकी सगळ्या गुणांवर भारी. दुकानात गेलात की झाकण उघडून काचेच्या कडेवरून बोट फिरवा. चौकट अरुंद आणि काचेला जवळजवळ सपाट असेल तर पुस्तक नीट टेकतं. चौकट रुंद आणि उंच असेल तर पान काचेपासून उचललेलं राहतं, आणि या पातळ स्कॅनरना उचललेलं अक्षर धूसरच दिसतं. दुकानदार रंग, वेग, वॉरंटी सांगत बसेल. तुम्ही चौकट चाचपा.

घरी आणल्यावर काचेचा कोणता कोपरा 'सुरुवातीचा' ते एकदा डोळस माणसाकडून विचारून घ्या आणि तिथं बाहेरच्या बाजूला एम-सीलचा बारीक ठिपका चिकटवा. स्कॅनच्या बटणावर दुसरा. त्यानंतर कुणाला विचारायची गरज पडत नाही.

सॉफ्टवेअर म्हणून मी एनएपीएस-टू वापरते. फुकट आहे आणि कीबोर्डवर चालतं. त्यात टेसरॅक्ट हे ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर, जोडता येतं आणि त्यासाठी मराठी भाषा वेगळी उतरवून घ्यावी लागते. ती उतरवली नाही आणि भाषा इंग्रजीच राहिली, तर मराठी पानातून एबीसीडीचा कचरा बाहेर पडतो आणि नवखा माणूस स्कॅनरला शिव्या देतो. एनव्हीडीए अधिक आर ही विंडोजच्या ओसीआरची कळ इंग्रजीला छान आहे, मराठीला तिचा उपयोग नाही. दुसरा रस्ता गूगल ड्राइव्हचा: फोटो किंवा पीडीएफ चढवायची आणि गूगल डॉक्सनं उघडायची. मराठी बरी ओळखतं, पण फाईल लहान लागते आणि रेंज लागते, आणि आमच्याकडे रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्यावर येते.

रेझोल्युशन, म्हणजे चित्र किती बारीक टिपायचं ते, ३०० डीपीआय ठेवा, रंग ग्रेस्केल. तळटीपा बारीक असतील तर ४००. ६०० ठेवून काही चांगलं होत नाही, वेळ जातो. कागद पातळ असेल, आणि गाईडांचा असतोच, तर मागच्या पानाची अक्षरं पुढं उमटतात. त्या पानामागे काळा कार्डशीट सरकवा. दहा रुपयांचं काम आहे आणि फरक जमीन-अस्मानाचा.

पुस्तक ठेवल्यावर झाकण लावायच्या भानगडीत पडू नका. कण्यावर तळहात ठेवून दाबा. आतला दांडा जातानाचा आवाज लांबट असतो, परत येतानाचा घाईचा. परतीचा आवाज थांबेपर्यंत हात हलवायचा नाही. डाव्या पानाच्या प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द किंवा उजव्या पानाच्या ओळीचा पहिला शब्द बिघडलेला ऐकू आला, तर ओसीआर वाईट नाही, तुमचा दाब कमी पडला.

इथवर सगळे सांगतात. मी ज्यात अडकले ते मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून आता ते जरा जास्तच सांगते.

डेमी आकाराचं, म्हणजे पान ए-फोरच्या साधारण निम्म्याएवढं असलेलं, पुस्तक उघडं ठेवलं की ए-फोर काचेवर दोन्ही पानं मावतात. चारशे पानांचं पुस्तक दोनशे स्कॅनमध्ये संपतं. कोणालाही मोह होईल. आणि बहुतेक वेळा ओसीआर दोन पानं वेगळी ओळखतंही, त्यामुळे सुरुवातीची पानं तपासली तर सगळं ठीक वाटतं. मग पुस्तकाच्या मध्यावर कणा जाड होतो, पानं वाकतात, दोन पानांमधल्या पांढऱ्या पट्टीच्या जागी काळी सावली पडते किंवा पट्टी तिरकी होते. ओसीआर ती पट्टी बघूनच ठरवतं की इथं एक पान संपलं. पट्टी सापडली नाही की ते डाव्या पानाची पहिली ओळ आणि उजव्या पानाची पहिली ओळ एकच समजतं, मग दोन्ही दुसऱ्या ओळी, मग तिसऱ्या.

पंचायत राजवरच्या समित्यांचं उदाहरण देते. डाव्या पानावर वरच्या ओळीत आहे 'वसंतराव नाईक समितीची नेमणूक' आणि खालच्या ओळीत '१९६० साली झाली'. उजव्या पानावर वरच्या ओळीत आहे '१९८४ साली झाली. या समितीचे' आणि खाली 'अध्यक्ष पी. बी. पाटील होते'. स्क्रीन रीडर काय वाचेल? 'वसंतराव नाईक समितीची नेमणूक १९८४ साली झाली.' व्याकरण शुद्ध, उच्चार शुद्ध, वाक्य पूर्ण. पुढं 'या समितीचे १९६० साली झाली अध्यक्ष' असं काहीतरी येतं, पण तोवर तुमचा वेग वाढलेला असतो आणि कान पुढं गेलेला असतो. मी तर लेखक अवघड लिहितो असं धरून तेच पान पुन्हा पुन्हा ऐकत बसले होते. नाईक समिती १९६० ची, बोंगिरवार समिती १९७० ची, पी. बी. पाटील समिती १९८४ ची. आता झोपेत विचारलं तरी सांगते, कारण एकदा हे उलटं पाठ झालेलं खरवडून काढावं लागलं.

म्हणून अक्षर ओळखायला चुकणारं ओसीआर मला परवडतं. 'घर'चं 'धर' झालं, 'भाव'चा 'माव' झाला, 'दुसऱ्या'चा ऱ्य फुटला, तर कानाला लगेच खडा लागतो. खरा धोका बरोबर शब्द चुकीच्या जागी लागण्यात आहे, तिथं कान काहीच बोलत नाही.

ओळखायचं कसं? 'सगळं वाच' ही आज्ञा देऊ नका. खालच्या बाणानं एकेक ओळ ऐका. डेमी पुस्तकाच्या ओळीत साधारण आठ-दहा शब्द असतात, पंधरा-वीस ऐकू आले की पानं चिकटली. पानाच्या तळाशी दोन पानक्रमांक पाठोपाठ आले, चौपन्न पंचावन्न असे, तरी तेच. ही तपासणी पुस्तकाच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी, तिन्हीकडे करा. मध्य सोडू नका, सगळा खेळ मध्यावरच बिघडतो.

आणि टाळायचं कसं? स्कॅनचा आकार ए-फाईव्ह ठेवा, म्हणजे यंत्र कोपऱ्यातलं एकच पान घेईल. आधी सगळी डावी पानं उरका. मग पुस्तक फिरवून सगळी उजवी. उजवी पानं उलटी येतात, त्यांचा गठ्ठा निवडून एकदम फिरवा आणि मग एनएपीएस-टूमधली इंटरलीव्ह नावाची आज्ञा द्या, ती डावं-उजवं डावं-उजवं असं विणते. दोन्ही गठ्ठ्यांची संख्या सारखी हवी. एक पान जरी निसटलं तरी तिथून पुढचं सगळं पुस्तक सरकतं. पावसाळ्यात पानं दमट होऊन जोडीनं उलटतात, म्हणून विणायच्या आधी संख्या बघा. काम दुप्पट आहे, मान्य. तरी करा.

तक्ते याच रोगाचे. समिती, अध्यक्ष, वर्ष असा तीन रकान्यांचा तक्ता असेल तर ओसीआर कधी आधी सगळ्या समित्या वाचतं, मग सगळी वर्षं. मधला एक आकडा गळला की खालची सगळी वर्षं एकेक घर वर चढतात. तक्ता आला की मी कुणा डोळस माणसाकडून फक्त तेवढाच वाचून घेते. देवनागरी आकड्यांत १ आणि ९ ची अदलाबदलही फार होते, ती तपासायलाही तोच माणूस. पूर्ण पुस्तक वाचायला कुणी थांबत नाही, पण "हे सात आकडे सांग" म्हटलं तर चहा उकळेपर्यंत कुणीही सांगतं.

फोननं स्कॅन करणारे बरेच आहेत. करा, वाईट नाही. कोपरं टेबलावर टेकवून फोन पानापासून वीतभराहून थोडा जास्त उंच धरा, किंवा खोक्याला भोक पाडून त्यावर ठेवा. फक्त उजेडाचं लक्षात ठेवा. स्कॅनरचा स्वतःचा दिवा असतो, फोनला खोलीतला लागतो, आणि वीज गेलेली आपल्याला पंखा थांबल्यावरच कळते. हिवाळ्यात पंखा बंदच असतो. सीइंग एआय या दृष्टिहीनांसाठीच्या फोनवरच्या ॲपमध्ये उजेड ओळखायची सोय आहे, उजेड वाढला की सूर चढतो. ते ॲप २०२३ च्या शेवटी अँड्रॉइडवरही आलं. गुळगुळीत कागदावर फ्लॅश लावू नका, मधला भाग पांढरा पडतो.

आता शॉर्टकटवाल्यांबद्दल. हल्ली पानाचा फोटो चॅटवाल्या एआयला देतात आणि 'वाच' म्हणतात. सुंदर वाचतं. धूसर भागही सुंदर वाचतं, आणि तिथंच माझा विश्वास उडतो. टेसरॅक्टला अक्षर दिसलं नाही तर ते कचरा देतं, हे आपल्या मनानं वाक्य पुरं करतं. बँकेची चिठ्ठी, औषधाची पट्टी कळायला वापरा. परीक्षेच्या पुस्तकाला नको.

प्रकाशकानं पीडीएफ दिली तरी हुरळू नका. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली असेल तर स्क्रीन रीडर डॉलर, कंस, टक्के असली बडबड करतो. फाईल बिघडलेली नसते. तिची पानं चित्र समजून ओसीआरमधून काढा, स्कॅनरशिवाय काम होईल.

शिकवणाऱ्यांविषयी माझं मत जरा कडू आहे. तालुक्याला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये गेले तर सर म्हणाले, "द्या इकडे ताई, मी करून देतो." करून दिलं, चांगलं करून दिलं, आणि मी येताना जशी होते तशीच परत गेले. माऊस हातातून घेणारा माणूस कितीही भला असला तरी त्याच्याकडून शिकू नका. मला शिकवलं ते फोनवर एका दृष्टिहीन दादांनी. ते स्कॅनरचा आवाज ऐकून सांगायचे, "हात हलला तुमचा, परत घ्या." असं कुणी मिळालं तर त्यांचा रिचार्ज आपण मारावा, पण सोडू नये.

सुरुवातीचे दिवस फार चिडचिडीचे जातात. पाठ धरते, पानं सरकतात, माय म्हणते, "काऊन वं, दिवसभर तेच करून राह्यली." एप्रिल-मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली काम करूच नका, घामाच्या बोटांना पानं चिकटतात, पहाटे करा. आणि काही आठवड्यांत हात आपोआप चालायला लागतात, हे अगदी खरं आहे. आता मी स्कॅन करताना रेडिओ ऐकते.

कायद्याचं तेवढं माहीत असू द्या. झेरॉक्सवाला 'पूर्ण पुस्तक स्कॅन करणं गुन्हा आहे' म्हणाला तर भांडू नका, शांतपणे सांगा की कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि कलम ५२(१)(झेडबी) नुसार अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून सुलभ प्रत करता येते, दुसऱ्या अपंग व्यक्तीला अभ्यासासाठी देताही येते. पण तीच फाईल गावच्या टेलिग्राम ग्रुपवर टाकली की ही सवलत संपली. डोळस मित्र मागतील, गोडीनं मागतील. नाही म्हणा.

गणिताची आणि नकाशांची पुस्तकं मात्र स्कॅनरवर घालू नका. अपूर्णांकाची रेघ ओसीआरला दिसत नाही, वर-खालचे आकडे शेजारी येऊन बसतात, आणि वैनगंगा कुठून कुठं गेली ते नकाशाच्या चित्रातून कुठलंही सॉफ्टवेअर नीट सांगत नाही. त्यासाठी माणूसच लागतो. त्याला रोज बोलावू नका. अडलेल्या प्रश्नांची यादी करा, आठवड्यातून एकदा बसवा आणि त्याचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, म्हणजे तेच परत विचारावं लागत नाही.