पॉपअप कॅम्पर घेताय? आधी नाकाने बघा, मग डोळ्यांनी

दर मे महिन्यात ओळखीतलं कोणीतरी विचारतंच की तुमच्याकडे तो उघडायचा तंबूवाला ट्रेलर आहे ना, आम्ही पण घ्यावा का, फार कटकट असते का. फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. आम्ही मिशिगनला, डेट्रॉइटच्या पश्चिमेला राहतो, आणि आठ वर्षं झाली हा सेकंडहँड पॉपअप आमच्याकडे आहे. ज्यांनी बघितलाच नाही त्यांच्यासाठी: खाली चाकांवरची पेटी, वर कडक छत, आणि दोघांच्या मधे घडी होऊन बसलेला कॅनव्हास. बंद असताना छातीएवढी उंची, उघडला की छत वर जातं, दोन्ही टोकांना पलंग बाहेर सरकतात, आत माणूस सरळ उभा राहतो. आईने पहिल्यांदा बघितला तेव्हा म्हणाली, "अगं बाई, हा तर सर्कशीचा तंबू!" मग दोन रात्री त्यात झोपली, पाठ दुखली नाही, तर पुण्याला फोन करून सगळ्यांना सांगत होती की मुलाने चाकांवरचं घर घेतलंय.

आधी विकत घेण्याचं बोलू, कारण इथे चूक झाली की पुढचं सगळं वाया. पॉपअपचा शत्रू एकच, पाणी. इंजिन नाही, गिअर नाही, बिघडणार काय? तर लाकूड कुजतं आणि कॅनव्हासला बुरशी लागते. म्हणून बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला सांगा की पूर्ण उघडून दाखव, आणि छत वर गेल्या गेल्या आत डोकं घालून वास घ्या. कुबट वास आला, म्हणजे पावसाळ्यात ट्रंकेत राहिलेल्या गोधडीला येतो तसा, तर गोड बोलून निघा. "आज उघडता येणार नाही, पण एकदम चांगल्या कंडिशनमधे आहे" असं कोणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. आम्ही पहिल्या वेळी एकाचं ऐकून नुसते फोटो बघून ॲडव्हान्स दिला होता, नंतर बघितलं तर सिंकखालची जमीन बुटाच्या टाचेने दाबली की बिस्किटासारखी खाली जात होती. ॲडव्हान्स गेला, अक्कल आली.

तर टाचेने दाबून बघायच्या जागा: दारापाशी, सिंकच्या खाली, चारही कोपरे. पलंगाच्या खालची प्लायवूडची फळी हाताने चाचपा. छताचे कोपरे आतून बघा, पिवळट डाग म्हणजे पाणी आलेलं आहे. दिवसाउजेडी आत उभं राहून कॅनव्हासकडे बघितलं की बारीक भोकं ताऱ्यांसारखी चमकतात, ती पाच-सात असली तर चालतात, पॅच मिळतात, पण घडीच्या रेषेवर कापड विरलेलं असेल तर नवा कॅनव्हास लागेल आणि तो बराच महाग पडतो. छत स्वतः क्रँक (छत चढवायचं हँडल) फिरवून वर-खाली करा, चारही कोपरे एकाच वेळी चढले पाहिजेत, एक मागे राहत असेल तर आतली केबल गेलीय. आणि टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा, नंबर ट्रेलरच्या नंबरशी जुळवून बघा, हे लोक विसरतात. मिशिगनमधे एक सुख आहे, ट्रेलरची नंबर प्लेट एकदा पैसे भरले की कायमची.

टायर नवे दिसतात म्हणून नवे समजू नका. उन्हात उभे राहून रबर म्हातारं होतं, नक्षी मात्र तशीच राहते. टायरच्या बाजूला डॉट (DOT) लिहिलेलं असतं त्यातले शेवटचे चार आकडे बघा, २३१९ असेल तर २०१९ सालचा २३वा आठवडा. पाच-सहा वर्षांच्या वरचा टायर असेल तर घेतल्या घेतल्या बदलायचा, वाद नको. आणि टायर ट्रेलरचेच घ्या, त्यावर एसटी, म्हणजे स्पेशल ट्रेलर, लिहिलेलं असतं (आपली लाल एसटी नव्हे).

आता गाडी. सगळे म्हणतात आमच्या मिनीव्हॅनची ओढायची क्षमता ३५०० पाउंड आहे, पॉपअप २१०० चा आहे, झालं की! नाही झालं. ते २१०० रिकाम्या ट्रेलरचं कंपनीने लिहिलेलं वजन. त्यात बॅटरी, प्रोपेनचा सिलिंडर (भरलेला ३७-३८ पाउंडांचा असतो), छतावरचा एसी, पाण्याची २० गॅलनची टाकी भरली तर तेच १६६ पाउंड, आणि मग आपलं सामान, म्हणजे कुकर, तांदूळ, दोन कूलर, सायकली. सहज २८०० होतो. शिवाय ट्रेलरचं पुढचं टोक, म्हणजे टंग, गाडीच्या मागे जे वजन टाकतं ते गाडीच्या आतल्या माणसांच्या वजनात धरायचं असतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पाउंड चालतील ते लिहिलेलं असतं. सहा जण बसले आणि डिकी भरली की तो आकडा कधी संपला कळत नाही. गाडीचं मॅन्युअल उघडून टोइंगचं पान एकदा वाचाच. आणि पहिल्या ट्रिपच्या आधी सगळं भरून हायवेवरच्या ट्रक स्टॉपला काट्यावर चढवा, थोडे डॉलर जातात पण मनातली शंका मिटते.

टंगवरचं वजन एकूण ट्रेलरच्या १० ते १५ टक्के हवं. २८०० चा ट्रेलर असेल तर २८० ते ४२०, पण तुमच्या गाडीची आणि हिचची (गाडीच्या मागे ट्रेलर जोडायचा जोड) टंगची मर्यादा काय आहे ते वेगळं बघा, ३५०० वाल्या गाड्यांना ती बहुतेक ३५० असते. हे कमी पडलं, म्हणजे जड सामान सगळं मागे भरलं, तर ट्रेलर हायवेवर शेपटी हलवायला लागतो. एकदा माझा हलला, टोलेडोच्या अलीकडे, शेजारून मोठा ट्रक गेला आणि मागून कोणीतरी गाडी धरून डावी-उजवीकडे झटकतंय असं वाटलं. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबायचा मोह होतो, दाबू नका. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, आणि ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक गाडीतून लावायचं यंत्र) असेल तर त्याच्या बटणाने नुसते ट्रेलरचे ब्रेक लावा. पुढच्या एक्झिटला उतरून मी दोन्ही कूलर मागून काढून एक्सलच्या थोडे पुढे ठेवले, नंतर घरापर्यंत काही त्रास नाही. ब्रेकचं म्हणाल तर बऱ्याच राज्यांत ३००० पाउंडांच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक कायद्याने लागतात, काही ठिकाणी त्याहून कमीलाही, पण मी म्हणेन २००० च्या वर असेल तर कायदा काहीही असो, लावून घ्या.

जोडायचं कसं? हिचचा बॉल आणि ट्रेलरचा कपलर, म्हणजे बॉलवर बसणारी टोपी, एकाच मापाचा हवा, दोन इंच की एक पूर्णांक सात अष्टमांश ते कपलरवर कोरलेलं असतं. लहान बॉलवर मोठा कपलर बसतो, बसल्यासारखा दिसतोही, आणि पहिल्या खड्ड्यात निसटतो. कपलर बसवून लॅच लावलं, पिन घातली की मी टंगचा जॅक उलटा फिरवून ट्रेलर थोडा वर उचलून बघतो. गाडीचा मागचा भागही त्याच्यासोबत उचलला गेला तर जोड पक्का. मग जॅक पूर्ण वर, चेन टंगखालून एकमेकींवर फुली करून, म्हणजे कपलर सुटलाच तर त्या झोळीत पडेल. ब्रेकअवेची, म्हणजे ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी, बारीक वायर गाडीला, चेनला नाही. शेवटी दिवे, आणि ते बघायला मुलांना मागे उभं करा, त्यांना आवडतं ओरडायला, "लेफ्ट! राइट! ब्रेक!"

स्पीड ६० च्या आसपास ठेवा. एसटी टायरवर वेगळं काही लिहिलेलं नसेल तर ६५ मैलांपर्यंतच असतात, आणि कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढताना ५५ च्या वर जाताच येत नाही. चाक काढून परत बसवलं असेल तर पहिल्या ५० मैलांनी थांबून नट पुन्हा आवळा. थांबाल तेव्हा हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावून बघा, कोमट चालतो, चटका बसला तर बेअरिंगचं ग्रीस संपलंय.

रिव्हर्स घेणं हा वेगळा विषय आहे आणि त्यावरून नवरा-बायकोची भांडणं ठरलेली. पॉपअप आखूड, म्हणून स्टिअरिंग जरा फिरवलं की लगेच मुडपतो, शिवाय बंद असताना इतका बुटका की आरशात दिसतच नाही. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा, ट्रेलरचं ढुंगण ज्या बाजूला न्यायचंय त्या बाजूला हात न्या, थोडं थोडं. तिसऱ्यांदाही जमलं नाही तर सरळ सोडवून दोघांनी हाताने ढकलायचा, सपाट जागेवर सहज सरकतो, यात कमीपणा काही नाही. मी अजून करतो.

साइटवर पोचल्यावर क्रम महत्त्वाचा, आणि हा क्रम मी छताच्या आतून चिकटवून ठेवलाय कारण आमचा एकदा चुकलाय. गाडी जोडलेली असतानाच आधी डावं-उजवं लेव्हल करायचं, खालच्या बाजूच्या चाकाखाली ब्लॉक ठेवून त्यावर गाडीने चढवायचा. मग दोन्ही चाकांना पुढून-मागून चॉक (पाचर), मगच गाडी सोडवायची. नंतर टंगच्या जॅकने पुढचं-मागचं लेव्हल. फ्रिज प्रोपेनवर चालणारा असेल तर हे लेव्हल नुसतं झोपेसाठी नाही, तिरका असला तर तो गार करत नाही. आता चार कोपऱ्यांचे स्टॅबिलायझर, म्हणजे डगमग थांबवणारे पाय, खाली, जमिनीला टेकून वर थोडं घट्ट, बस. त्यांनी ट्रेलर उचलायला जाऊ नका, वाकतात.

मग छताचे चारही लॅच उघडा. चारही म्हणजे चारही. आमच्या दुसऱ्या ट्रिपला अंधार पडत आला होता, डास चावत होते, मी तीन उघडले आणि क्रँक फिरवायला लागलो, जड लागतंय म्हणून अजून जोर लावला, आणि कड्कन आवाज आला. तो कोपरा अजून अर्धा इंच खाली असतो. तेव्हापासून एक नियम, विहिरीच्या रहाटासारखं फिरलं पाहिजे, सारख्या जोराने, अचानक जड झालं तर हात थांबवून चारही बाजूंनी फेरी मारायची. पूर्ण वर गेल्यावर अजून थोडं ताणू म्हणून फिरवू नका, केबलवर ताण येतो. छत वर गेलं की पलंग बाहेर ओढा आणि खालचे आधाराचे दांडे खोबणीत बसेपर्यंत मुलांना वर चढू देऊ नका, कितीही किंचाळले तरी. मग कॅनव्हासचे इलॅस्टिक आणि वेल्क्रो, मग दार. दोघं सवयीचे असले तर वीस मिनिटं, पहिल्या वेळी तास धरा.

वीज ३० अँपची असते, घरच्या प्लगचा अडॅप्टर आणि सर्ज प्रोटेक्टर जवळ ठेवा. पाण्याच्या नळाला प्रेशर रेग्युलेटर लावा. सिंकचं पाणी बादलीत घ्या, जमिनीवर सोडू देत नाहीत. प्रोपेनचा जोड साबणाच्या पाण्याने तपासा, बुडबुडे आले की बंद. आणि थंडी कितीही वाजो, कोळशाची सिगडी किंवा ग्रिल आत आणायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डिटेक्टर लावा.

स्वयंपाकाचं आपल्या लोकांना खास सांगतो. फोडणी बाहेर. आत एकदा हिंग-मोहरीची फोडणी दिली की कॅनव्हास तो वास वर्षानुवर्षं धरून ठेवतो, आमच्या ट्रेलरमधे अजून एका कोपऱ्यात २०१९ ची कांदाभजी आहे. बाहेरच्या शेगडीला वारा लागून कुकरला शिट्टी येत नाही, तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा करा. रात्री खायचं सगळं गाडीत आणि काचा बंद. आम्ही एकदा शंकरपाळ्यांचा डबा टेबलावर विसरलो, रॅकूनने झाकण काढून खाल्ल्या, चिवडा मात्र ठेवला. अस्वलांच्या भागात जाणार असाल तर आधी साइटचे नियम वाचा, यलोस्टोनमधे फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कला कापडी भिंतींचे कॅम्पर चालतच नाहीत. लाकूड घरून नेऊ नका, जिथे जाळणार तिथेच विकत घ्या. ॲशची झाडं मारणारा तो हिरवा किडा २००२ मधे आमच्याच डेट्रॉइटजवळ पहिल्यांदा सापडला आणि सरपणातून कुठच्या कुठे गेला.

बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि चांगल्या जागा लगेच जातात. पहिली ट्रिप मात्र घरापासून तासाभरावर करा, विसरलेलं आणायला परत जाता येतं. मिशिगनच्या उत्तर भागातला ताक्वामेननचा धबधबा, चहाच्या रंगाच्या पाण्याचा, तो लांब आहे, तो दुसऱ्या वर्षी.

परतताना सगळा क्रम उलटा. छत खाली घेताना खिडक्यांच्या झिपा थोड्या उघड्या ठेवा, नाहीतर हवा कोंडून कॅनव्हास फुगतो आणि कडेतून बाहेर येऊन चिमटतो. एकाने क्रँक, दुसऱ्याने फिरत फिरत कापड आत सारायचं, आणि क्रँकचा हात अर्धवट असताना सोडायचा नाही. पाऊस पडत असेल तर ओलाच बंद करावा लागतो, इलाज नाही, पण मग घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवसाच्या आत ड्राइव्हवेत उघडून वाळवा. ऑफिस असो की पाहुणे, वाळवा. आमच्या सबडिव्हिजनमधे ट्रेलर समोर उभा करायला दोनच दिवस देतात, म्हणून रविवारी पाऊस असला की सोमवारी घरून काम.

ऑक्टोबरमधे टाकी आणि पाइप रिकामे करून आरव्हीचं गुलाबी अँटीफ्रीझ घालायचं, गाडीच्या रेडिएटरचं नव्हे, ते विषारी असतं. बॅटरी काढून घरात. गाद्या उभ्या. आणि जमिनीला जिथून वायर किंवा पाइप आत येतो त्या प्रत्येक भोकात स्टील वूल कोंबा, कारण उंदराला घडी घातलेल्या कॅनव्हाससारखी ऊबदार जागा हिवाळ्यात दुसरी मिळत नाही. हे एका वर्षी राहून गेलं होतं. एप्रिलमधे छत वर घेतलं तर पलंगाच्या घडीत पेपर टॉवेलचं नीट विणलेलं घरटं, आणि शेजारी गेल्या दिवाळीचं अर्धं अनारसं.