साथीच्या दिवसात घरात अडकलेल्या पोरापोरींनी डोकं शांत कसं ठेवायचं

कोरोनासारखी पुन्हा कधी घरात बसायची वेळ आली तर मास्क कसा लावायचा नि ऑक्सिमीटर कसा बघायचा हे आता शाळकरी पोरगंपण सांगेल, पण सतरा-अठरा वर्षांच्या पोराच्या छातीत धडधडायला लागलं, रात्रभर झोप येईना, आईवर उगाच ओरडून झालं, तर काय करायचं हे घराघरात माहिती असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आपल्या सांगली-साताऱ्याच्या भागात काय काय झालं ते आठवा जरा. मार्च २०२० मधे इस्लामपुरात एकाच घरातले चार जण पॉझिटिव्ह आले आणि आकडा बघता बघता पंचविशीत गेला. दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला, पुढच्या वर्षी तर दहावी-बारावीची बोर्डाची परीक्षाच झाली नाही. एमपीएससीची एप्रिल २०२० ची पूर्व परीक्षा ढकलत ढकलत मार्च २०२१ मधे झाली. त्यात जुलै २०२१ मधे सांगलीत कृष्णेचं पाणी घुसलं ते वेगळंच. आणि भरतीची पोरं! मिलिटरी अपशिंगेसारख्या, घरटी कुणीतरी फौजेत असलेल्या गावात पहाटे चारला उठून पळणाऱ्या पोरांची भरतीच बंद, वय मात्र पुढं सरकतंय. २०२२ ला फौजेच्या भरतीची अग्निपथ योजना आल्यावर वयाची २१ ची मर्यादा २३ केली, तीपण त्या एका वर्षापुरतीच. अशा पोराला "टेन्शन घेऊ नको" म्हणून काय होणार हो?

तर पहिलं काम, अंग शांत करा, विचार नंतर. डोकं तापलेलं असतं तेव्हा समजुतीच्या गोष्टी आत शिरतच नाहीत, आणि मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो, त्यामुळं तुम्हाला राग जोरात येतो यात तुमचं काही वाकडं नाही. नाकानं चार आकडे मोजत श्वास आत घ्यायचा, तोंडानं सहा ते आठ आकडे मोजत हळूहळू सोडायचा, असं पाचेक मिनिटं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात म्हणून सोडणं लांब ठेवायचं, नुसतं "खोल श्वास घे" म्हणून भरभर ओढला तर उलट चक्कर येते. मोजण्यात मन लागत नसेल तर गार पाण्यानं तोंड धुवा, नाहीतर जोर-बैठका काढा, तालमी बंद असल्या तरी जोर मारायला तालीम लागत नाही. मात्र ताप असेल किंवा नुकतेच बरे झाला असाल तर अंगमेहनत नको, श्वासच बरा.

अंग निवळलं की वहीत तीन ओळी लिहा. काय झालं, अंगात कुठं जाणवतंय, आणि नेमकं काय वाटतंय. "डोकं फिरलंय" एवढ्यावर थांबू नका. भरती गेल्याचा राग आहे, का आज्जीला आपल्यामुळं लागण होईल ही भीती आहे, का कॉलेजचा कट्टा, पोरं, सगळंच हातातून सुटल्याचं वाईट वाटतंय? भीती असेल तर आज्जीच्या खोलीत जाताना मास्क लावणं हे हातात आहे, भरतीची तारीख हातात नाही, पण पळायची सवय टिकवणं हातात आहे. असं सुटं केलं की निम्मा भार उतरतो. दाबून ठेवलं तर चेहरा शांत दिसतो पण आत शरीर तसंच ताणलेलं राहतं, हे प्रयोगांमधे दिसून आलंय, तेव्हा मर्द असून रडतोस काय वगैरे जे ऐकवतात त्यांचं ऐकू नका. काळजी दिवसभर मागं लागत असेल तर संध्याकाळची पंधरा मिनिटं तिला ठरवून द्या, बाकी वेळी आली की वहीत एक शब्द टाकायचा, संध्याकाळी बघू.

झोपेचं घड्याळ सांभाळा. या वयात ८ ते १० तास झोप लागते. रात्री दोनपर्यंत मोबाईल आणि सकाळी अकराला उठणं सुरू झालं की चिडचिड ठरलेली. रात्री कितीही जागलात तरी उठायची वेळ एकच ठेवा, उठल्यावर गच्चीत नाहीतर अंगणात उजेडात जा. साथीच्या बातम्या दिवसातून एकदा बघा, आणि व्हॉट्सअपच्या ग्रुपवर कोण गेलं कोण राहिलं ते सारखं बघत बसू नका.

आता घरच्यांसाठी, आणि हे जरा नीट वाचा. "खायला-प्यायला मिळतंय की येळेवर, कसलं डिप्रेशन?" हे वाक्य कृपा करून बंद करा. युनिसेफच्या २०२१ च्या अहवालात भारतातल्या १५ ते २४ वयाच्या दर शंभरातल्या फक्त ४१ जणांनी म्हटलं की मनाच्या त्रासात दुसऱ्याची मदत घेणं चांगलं, २१ देशांची सरासरी ८३ होती. म्हणजे आपली पोरं सांगणारच नाहीत, विचारायला आपल्यालाच लागणार. समोर बसवून चौकशी केली की पोरगं गप्पच होतं. त्यापेक्षा गोठ्यात म्हशीला वैरण टाकताना, लसूण सोलताना, हात कामात असताना विचारा, "काय रे, हल्ली जेवत नाहीस नीट, काय वाटतंय सांग, मी मधे बोलणार नाही." आणि खरंच मधे बोलू नका. तो "काय नाय" म्हणेल, तरी वैरण टाकत राहा, दोन-चार मिनिटांनी आपोआप बोलेल, नाहीतर उद्या बोलेल.

पोरींचं तर अजून अवघड. घर भरलेलं, भांडी-धुणी त्यांच्यावर, घरातला एकच मोबाईल तोपण भावाच्या ऑनलाईन तासाला. तिला रोज तासभर तरी एकटीचा द्या, गच्ची द्या, माडी द्या. आणि साथीमुळं पन्नास माणसांत स्वस्तात उरकतंय म्हणून अठराच्या आतल्या पोरीचं लग्न ठरवत असतील तर तिनं किंवा तिच्या मैत्रिणीनं १०९८ या चाईल्डलाईनच्या, म्हणजे मुलांच्या मदतीच्या नंबरला फोन करावा.

दोन आठवडे झाले तरी जेवण-झोप बिघडलेलीच आहे, कशातच मन लागत नाही, आवडीच्या वस्तू वाटून टाकल्या, "मी नसलो तर बरं" असं बोलला, तर वाट बघू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्यानं डोक्यात नवीन काही शिरत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून मोकळं होता येतं. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही. आणि शेतकऱ्याच्या घरात ही एक गोष्ट आजच करा, बागेची फवारणीची औषधं, तणनाशकं घरात, ओसरीला ठेवू नका, कुलपात ठेवा आणि किल्ली एकाच मोठ्या माणसाकडं. तासगाव-पलूसकडं द्राक्षाच्या घराघरात डबे असतात म्हणून मुद्दाम सांगतोय. तो राग, ती घटका बऱ्याचदा टळून जाते, तेवढा वेळ हाताशी काही नसलं तर जीव वाचतो.

मदतीसाठी १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जीवाला धोका वाटत असेल तर फोनवर थांबू नका, सरळ दवाखान्यात न्या. साताऱ्याच्या सिव्हिलला, सांगली-मिरजेच्या सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर असतात. पहिल्या खेपेला पोराला एकट्याला पाठवू नका, दादानं नाहीतर मावशीनं सोबत जावं, केसपेपर तुम्ही काढा, आत मात्र त्याला एकट्याला बोलू द्या. गोळ्या दिल्या तर बरं वाटलं म्हणून मधेच बंद करू नका, डॉक्टरला विचारूनच. आणि घरी आल्यावर "काय म्हणाले डॉक्टर" असं खोदून विचारू नका, चहा टाका.